उलार गाडी

आमच्या बिरवाडीत 'सलून' हा शब्द कोणी उच्चारला की ऐकणाऱ्याचा हात आपोआप डोक्याकडे जातो. केस वाढले म्हणजे माणूस सलूनमध्ये जातो. सलून माणसाला कुठे घेऊन जात नाही. म्हणून गेल्या आषाढात जर्मनीतल्या स्टुटगार्टहून माझ्या पुतण्याचा फोन आला आणि त्याने, "काका, सलून घेऊ की स्पोर्ट्स कार?" असे विचारले, तेव्हा शेजारी वाती वळत बसलेल्या वहिनी ताडकन म्हणाल्या, "अरे, इंजिनियर झालास, परदेशात गेलास, आणि आता केस कापायचे दुकान काढतोस?"

गैरसमज दूर व्हायला थोडा वेळ लागला. सलून म्हणजे चार दारांची, घरच्या सगळ्या माणसांना पोटात घेणारी मोटार. आणि तिच्यात शर्यतीच्या गाडीचे बळ भरले की ती झाली स्पोर्ट्स सलून, हे पुतण्याने समजावून सांगितले. पुण्याच्या कॉलेजातून तो स्टुटगार्टला गेला त्याला आता बारा वर्षे झाली. हे गाव १९६८ पासून आपल्या मुंबईचे भगिनी-शहर आहे, आणि मोटारीच्या जगात त्याचा मान पंढरपूरचा. तिथे पुतण्याने पै-पै करून काही रक्कम साठवली होती. तेवढ्यात दोन जुन्या गाड्यांपैकी कोणतीही एक येत होती. एक म्यूनिकच्या बीएमडब्ल्यूची एम-५, चार दारांची, पुढे दांडगे यंत्र असलेली. दुसरी त्याच्याच गावच्या पोर्शची ९११, दोन दारांची, यंत्र पार मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे टांगलेले. सूनबाईंनी एकीचीच परवानगी दिली होती, आणि ती पुन्हा मिळण्याजोगी नव्हती.

"मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "मी उभा जन्म इतिहास शिकवला. सायकलीपलीकडे माझी मजल नाही."

"म्हणूनच विचारतो. मोटारी चालवणारे सगळे आपापल्या मोटारीचे वकील असतात. तुम्ही इतिहास बघून सांगा."

त्याच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याने शेवटी सांगितली. दादा गेल्यापासून वहिनींनी बिरवाडीचा उंबरठा फारसा ओलांडलेला नाही. येत्या वैशाखात तीन महिन्यांसाठी त्या नातीकडे जायला कशाबशा तयार झाल्या होत्या. गाडी त्याच्या हौसेची होती. पण तिच्यात आई बसणार होती.

वाचकहो, मोटारीचा हा प्रश्न मला आमच्या बैलगाडीच्या भाषेत लगेच कळला. गाडीत भाताच्या गोण्या भरताना वडील पहिली गोणी नेमकी आसावर ठेवीत आणि मग एक पुढे, एक मागे असा तोल सांभाळीत. पुढे भार जास्त झाला तर बैलांची मान दबते. मागे जास्त झाला तर जू वर उचलते, गळ्यातले पट्टे रुततात, आणि चढावर तर बैल घाबरेघुबरे होतात. याला म्हणतात गाडी उलार होणे. गोण्या हलवायला सवड नसली की वडील मला उचलून धुरेवर बसवीत. माझा त्या घरातला पहिला उपयोग वजन म्हणून झाला.

पुतण्याचा प्रश्न म्हणजे हाच: भार पुढे ठेवावा की मागे? त्या पावसाळ्यात काळ नदी फुगली, वीज रात्र-रात्र गेली, आणि मी कंदिलाच्या उजेडात मोटारीचा इतिहास चाळीत बसलो. त्यात जे सापडले ते आपणापुढे ठेवतो.

पहिली गंमत अशी, की जगातली पहिली मोटार मागच्या यंत्राचीच होती. मानहाइम गावच्या कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी जिच्यावर पेटंट मागितले ती तीन चाकांची गाडी. यंत्र बसणाऱ्याच्या पाठीमागे, आणि बळ एका घोड्याचेही पुरते नाही. लोक हसत. बेंझ स्वभावाने भिडस्त. गाडी फार दूर न्यायला कचरत असे. शेवटी १८८८ च्या ऑगस्टात त्याच्या बायकोने, बर्थाने, नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतले आणि सुमारे शंभर किलोमीटरवरच्या प्फोर्त्सहाइमला गेली. कशाला? तर तिथे तिची आई राहत होती. म्हणजे मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास हा माहेरचा प्रवास आहे! वाटेत इंधन संपले ते तिने वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून विकत घेतले. चढ आला की मुले खाली उतरून गाडी ढकलीत. दिवाळीच्या अंकात ही गोष्ट सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण भाऊबीजेला माहेरी निघालेल्या प्रत्येक लेकीने हिचे नाव घ्यावे, असे हिचे कर्तृत्व आहे.

मग यंत्र पुढे कधी गेले? १८९१ च्या सुमारास, फ्रान्समध्ये. पानार आणि लव्हासॉर या जोडगोळीने यंत्र नाकाशी ठेवले, त्यामागे गिअर, आणि लांब दांड्याने बळ मागच्या चाकांना दिले. पुढे यंत्र, मध्ये माणसे, मागे सामान: भार सगळ्या गाडीवर वाटला गेला. ही मांडणी इतकी सोयीची ठरली की पुढची चाळीस वर्षे मोटार म्हटले की यंत्र पुढेच, असा रिवाज पडला. जिथे घोडा होता तिथे यंत्र आले. माणसाच्या डोळ्यालाही ते बरे वाटले.

या रिवाजाला जोरदार धक्का दिला तो १९३० नंतर, मध्य युरोपातल्या इंजिनियरांनी. चेक देशातल्या टाट्रा कारखान्याने १९३४ साली मागच्या यंत्राची मोठी मोटार काढली. त्याच वर्षी फर्डिनंड पोर्श या बोहेमियात जन्मलेल्या इंजिनियराने रचलेली, चालकाच्या पाठीशी सोळा सिलिंडरांचे यंत्र असलेली ऑटो युनियनची गाडी शर्यतीत उतरली. भलीभली माणसे तिला बिचकत. ती वठणीवर आणली बेर्न्ड रोझमायर या तरुणाने. तो आला होता मोटरसायकलच्या शर्यतींतून. मोटारीच्या शर्यतीची त्याला सवयच नव्हती, आणि जुनी सवय नव्हती म्हणूनच त्याला हिची नवी रीत पटकन साधली, असे पुष्कळ जण सांगतात. १९३६ साली तो युरोपचा विजेता ठरला. १९३८ च्या जानेवारीत वेगाचा विक्रम करताना, आडव्या वाऱ्याच्या झोताने गाडी फेकली जाऊन तो गेला. वय अवघे अठ्ठावीस.

याच पोर्शने सामान्य जर्मन कुटुंबासाठी फोक्सवागन रचली. तिचेही यंत्र मागे. आणि युद्धानंतर त्याच्या मुलाने, फेरी पोर्शने, फोक्सवागनचेच सुटे भाग वापरून १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंट गावी स्वतःच्या नावाची स्पोर्ट्स कार काढली. मागच्या यंत्राच्या स्पोर्ट्स कारचे घराणे सुरू झाले ते तिथून. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात या घराण्याची पुढची पिढी मांडली गेली. तिचे नाव ठेवले होते ९०१. पण मध्ये शून्य असलेले तीन आकडी नाव आमचे, अशी तक्रार फ्रान्सच्या प्यूजोने केली, आणि शून्याच्या जागी एक घालून बारसे पुन्हा झाले: ९११. दोन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, वाऱ्याने थंड होणारे, १३० अश्वशक्तीचे यंत्र, आणि ते मागच्या आसाच्याही मागे.

आता उलार गाडीचे दुखणे नीट समजून घेऊ. चालक वळणात जास्त वेगाने शिरला. त्याला भीती वाटली. भीतीने माणूस काय करतो? वेगाच्या पेडलवरचा पाय उचलतो. पाय उचलला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात, त्यांची रस्त्यावरची पकड सुटते, आणि मागे टांगलेले जड यंत्र घड्याळाच्या लंबकासारखे बाहेर झोका घेते. गाडी गर्रकन फिरते. पुढच्या यंत्राची गाडी अशा वेळी बहुधा नाकाने वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते, आणि पाय उचलला तर पुष्कळदा ताळ्यावर येते. म्हणजे भ्यालेल्या माणसाला पुढच्या यंत्राची गाडी सांभाळून घेते. मागच्या यंत्राची गाडी त्याच्या भीतीचीच शिक्षा त्याला देते.

मग मागच्या यंत्रात काही गुणच नाही काय? आहेत, आणि ते आमच्या वरंध घाटात उभे राहिले की समजतात. चढावर गाडीचा भार आपोआप मागे जातो. जी चाके गाडी ढकलतात त्यांच्यावरच यंत्राचे वजन बसलेले असले की ती चाके चिखलातही रस्ता सोडत नाहीत. ब्रेक दाबला की भार पुढे येतो; मागे मुळात जास्त असल्याने चारही चाकांना सारखे काम मिळते. गुण आणि दोष एकाच गोणीत भरलेले.

पोर्शच्या इंजिनियरांना हे दुखणे ठाऊक होते. त्यांनी काय केले? सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत सुमारे अकरा-अकरा किलोची बिडाची वजने बसवली! हे वाचले तेव्हा मी कंदिलापुढे एकटाच हसलो. वडिलांनी मला धुरेवर बसवले ते काय वेगळे होते? पुढे १९६८ साली त्यांनी मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली, म्हणजे यंत्र होते तिथेच राहिले आणि आस त्याच्याजवळ गेला. शिवाय एका बॅटरीच्या दोन केल्या आणि त्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. मग मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद झाली. १९८९ मध्ये चारही चाकांना बळ देणारी ९११ आली. गोणी हलवली नाही. गोणीभोवती सगळी गाडी हलवली.

सगळ्यांनाच अशी चिकाटी परवडत नाही. अमेरिकेत शेव्हरोलेने १९५९ च्या शेवटी 'कॉर्व्हेअर' नावाची मागच्या यंत्राची कौटुंबिक मोटार काढली. तिचा तोल राखायला पुढच्या चाकांत १५ पौंड आणि मागच्या चाकांत २६ पौंड हवा भरायची, असा नियम होता. पण कुटुंबाची गाडी चालवणारा गृहस्थ चारही चाकांत सारखी हवा भरून मोकळा होतो! गाड्या घसरल्या, खटले झाले, आणि राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ साली मोटारींच्या असुरक्षिततेवर जे पुस्तक लिहिले त्याच्या पहिल्याच प्रकरणात या गाडीला धारेवर धरले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. गाडी १९६९ मध्ये बंद पडली. आणि १९७२ साली सरकारी तपासणीचा निष्कर्ष आला की ती गाडी तिच्या काळच्या इतर गाड्यांहून जास्त धोकादायक नव्हती! तोवर तिची तिरडी उठली होती. तात्पर्य, गाडीबरोबर तिची रीतही माणसाच्या हाती द्यावी लागते.

शर्यतीच्या मैदानावर मात्र उलटा न्याय झाला. इटलीचे एन्झो फेरारी यंत्र मागे नेण्याच्या विरुद्ध. बैल गाडी ओढतात, ढकलत नाहीत, असे ते म्हणत अशी आख्यायिका आहे, आणि बिरवाडीच्या माणसाला ती लगेच पटते. पण १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबहॅम पाठीशी यंत्र असलेल्या छोट्या कूपर गाडीत जगज्जेता झाला. तेव्हा फेरारींनीही बैल मागे नेले, आणि १९६१ चे जगज्जेतेपद पटकावले. इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. शर्यतीच्या त्या गाड्यांत यंत्र चालकाच्या मागे असले तरी मागच्या आसाच्या पुढे होते, म्हणजे गोणी गाडीच्या पोटात होती. आसाच्या मागे गोणी टांगून शर्यती जिंकत राहण्याचा हट्ट धरला तो पोर्शने.

आता दुसऱ्या बाजूचा, सलूनचा, इतिहास पाहू. तो गृहस्थाश्रमाचा इतिहास आहे. तारुण्यात दोन आसनांची गाडी हाकलेल्या माणसाचे लग्न होते, मुले होतात, आई-वडील म्हातारे होतात. पण वेगाची हौस काही जात नाही. अशा माणसासाठी इंग्लंडमध्ये विल्यम लायन्सच्या जॅग्वार कारखान्याने १९५९ साली 'मार्क टू' काढली. आत अक्रोडाच्या लाकडाची सजावट, कातड्याच्या गाद्या, पाच माणसांची ऐसपैस जागा. आणि पुढे, शर्यती जिंकलेल्या घराण्याचे ३.८ लिटरचे २२० अश्वशक्तीचे यंत्र. ताशी दोनशे किलोमीटर! दरोडेखोर हीच गाडी वापरीत आणि त्यांना पकडायला पोलिसही हीच, अशी तिची कीर्ती. बेडी आणि हात दोन्ही एकाच कारखान्याचे.

पण सलूनमध्ये बसले म्हणजे सुरक्षित झालो, असे मानू नये. १९५८ चा जगज्जेता माइक हॉथॉर्न शर्यतींतून नुकताच निवृत्त झाला होता. २२ जानेवारी १९५९ रोजी गिल्डफर्डजवळच्या ओल्या रस्त्यावर, स्वतःच्या ३.४ लिटरच्या जॅग्वार सलूनमध्येच त्याचा अपघात झाला आणि तो गेला. वय एकोणतीस. शर्यतीच्या गाड्यांनी जे केले नाही ते घरच्या गाडीने केले. पुढे यंत्र आणि ढकलणारी चाके मागे, अशा बलवान गाडीत ओल्या रस्त्यावर जोर जास्त दिला तर तीही मागून सुटतेच.

पुतण्याच्या मनात भरलेली एम-५ ही याच परंपरेतली. तिची पहिली पिढी १९८५ ची. साध्या दिसणाऱ्या चार दारांच्या गाडीत २८६ अश्वशक्तीचे यंत्र. आणि त्या यंत्राचे मूळ पाहिले तर ते १९७८ च्या एम-१ या स्पोर्ट्स कारचे, जिच्यात ते चालकाच्या पाठीमागे होते! पाठीचे यंत्र पुढे आणून घराला जोडले. सासरी आलेली सून माहेरचे पाणी बरोबर आणते, तशातलाच प्रकार.

हे सगळे वाचताना माझ्या मनात एकच येत होते: आपल्याकडे ही निवड कधी होती? स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींची दारे हळूहळू बंद झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होई, आणि कलकत्त्याकडे बिर्लांची अ‍ॅम्बॅसॅडर. पैसे भरून लोक वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहत. 'फियाट की अ‍ॅम्बॅसॅडर?' एवढीच आमच्या पिढीची निवड, आणि यंत्र दोन्हींचे पुढेच. १९७४ पासून फियाटची 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने लाखो माणसांना दवाखान्यात, लग्नाला आणि बोरीबंदरला पोहोचवले; २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले होते.

मागचे यंत्र आपल्याकडे आले ते गरिबाच्या वेषात. पुण्याच्या बजाज ऑटोने १९७७ साली मागच्या यंत्राची ऑटोरिक्षा काढली. तिच्या नावातली 'आरई' ही दोन अक्षरे 'मागचे यंत्र' याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांची. म्हणजे महाडच्या स्थानकावरून जी रिक्षा आपण करतो तिची आणि स्टुटगार्टच्या ९११ ची मांडणी चुलतबहिणीची! दादर-पुणे मार्गावरच्या 'शिवनेरी'त पुढे बसले की यंत्राचा आवाज येत नाही, कारण व्होल्वोच्या त्या बसचेही यंत्र मागेच. आपण मागच्या यंत्राने केव्हाचा प्रवास करीत आहोत. फक्त कोणी त्याला स्पोर्ट्स कार म्हटले नाही.

आणि मग आले २००८ साल. त्या एका वर्षात मुंबईच्या टाटांच्या घरात दोन्ही परंपरा शेजारी-शेजारी येऊन बसल्या. जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात नॅनो दाखवली गेली: ६२४ सीसीचे दोन सिलिंडरांचे यंत्र, आणि ते मागे. पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको आणि मुले जाताना पाहून रतन टाटांना ही गाडी सुचली, हे सर्वश्रुत आहे. ती घडवणाऱ्या तुकडीचे प्रमुख गिरीश वाघ हे मराठी इंजिनियर. आणि जूनमध्ये त्याच टाटांनी जॅग्वार विकत घेतली. मार्क टूचे सगळे घराणे मुंबईच्या दाराशी आले. नॅनोची मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद होती. का, ते आता आपणास सांगायला नको. उलार गाडीला जो इलाज स्टुटगार्टने केला तोच पुण्याच्या इंजिनियरांनी केला. नॅनोचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. 'सर्वांत स्वस्त' हे बिरुद गिऱ्हाइकाला कमीपणाचे वाटले, असे नंतर टाटांनीच बोलून दाखवले. यंत्राच्या जागेने तिचा घात केला नाही.

इतिहासाच्या मास्तराला शेवटी कारणे द्यावी लागतात. ९११ का टिकली? १९७७ साली खुद्द पोर्शनेच पुढच्या यंत्राची ९२८ काढली होती. जुन्या उलार गाडीला निवृत्त करून तिची जागा हिने घ्यायची, असा बेत. १९८१ मध्ये पेटर शुत्स हे नवे प्रमुख आले. प्रमुख इंजिनियराच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता. त्यात इतर गाड्यांच्या रेघा पुढच्या वर्षांत जात होत्या, ९११ ची त्याच वर्षाअखेर थांबली होती. शुत्सनी लेखणी उचलली आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर, भिंतीवर, पार दरवाजापर्यंत ओढत नेली. ९२८ १९९५ मध्ये बंद झाली. आणि ११ मे २०१७ रोजी दहा लाखावी ९११ तयार झाली. दोष झाकून कोणी इतके टिकत नाही. दोष ओळखून, त्याच्याभोवती आयुष्य रचून टिकते.

इथवर आलो आणि मला दादांची आठवण झाली. माझे थोरले बंधू एसटीत चालक होते. महाडहून बिरवाडीवरून वरंध घाटाने भोरकडे जाणारा रस्ता त्यांच्या पायाखालचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पावसाळ्यात समोरचे वळण ढगात बुडालेले. वाघजाईच्या देवळापाशी ते गाडीतूनच हात जोडीत. उभ्या नोकरीत त्यांच्या गाडीला घाटात ओरखडा आला नाही. मी एकदा त्यांना विचारले, "तुम्हाला भीती वाटत नाही?"

ते म्हणाले, "वाटते तर! पण भ्यायचं ते वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर भ्यायचं नाही."

वेग मोडायचा तो वळण येण्यापूर्वी. ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा. आणि एकदा वळणात शिरले की पाय दचकू द्यायचा नाही. दादांनी पोर्श पाहिली नव्हती, नावही ऐकले नसेल. पण ९११ ज्या एका नियमावर चालते, तो त्यांनी वरंध घाटात, पन्नास माणसे पाठीशी घेऊन, स्वतः शोधला होता.

श्रावणात मी पुतण्याला फोन केला आणि निकाल सांगितला. "सलून घे. ९११ च्या मागे जी दोन आसने आहेत असे तू म्हणतोस, ती फार तर पोरांची. तिथे तुझ्या आईचे गुडघे मावायचे नाहीत, आणि तुझी लेकही दोन वर्षांत मोठी होईल. जगातली पहिली मोटार आईला भेटायला निघाली होती. आई मावणार नाही अशी गाडी तू घेऊ नकोस. पण एक कर. सलूनचे यंत्र पुढे असले तरी ते मागे आहे असे समजून ती चालव. पुढचे यंत्र माणसाला चूक माफ करते, आणि माफीची सवय लागली की माणूस वळणात भ्यायला शिकतो. तुझ्या वडिलांचा नियम लक्षात आहे ना?"

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "आहे काका. लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवर बसून पाठ केलाय."

गाडी घेतली. गणपतीत तिचा फोटो आला: करड्या रंगाची, दिसायला अगदी सालस. वहिनींनी चष्मा लावून ती निरखली, दारे मोजली, आणि मला विचारले, "यंत्र पुढे आहे म्हणालात ना?"

"हो, पुढे."

"मग मी मागे बसेन," वहिनी म्हणाल्या. "गाडी सारखी राहील."